कामाच्या ठिकाणी आरोग्यफलक कसे लावावेत

काही वर्षांपूर्वी भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम करीत असताना मी उन्हाळ्यासाठी एक फलक करून घेतला होता. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत ‘भरपूर पाणी प्या’ हे शब्द, शेजारी पेल्याचे चित्र आणि खाली कंपनीचे बोधचिन्ह असा तो देखणा फलक पाण्याच्या मशीनच्या अगदी वर लावला होता. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तो ‘प्या’च्या पुढे कोणीतरी मार्करने एकच शब्द लिहून ठेवला होता: ‘कुठून?’ त्या मशीनचा फिल्टर आठवडाभर बंद होता आणि ही गोष्ट माझ्याखेरीज त्या शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

तेव्हापासून मी एक नियम पाळत आलो आहे. जी गोष्ट त्या जागी करता येत नाही, ती त्या जागी लिहायची नाही. हात धुण्याचा फलक लावण्यापूर्वी साबण आहे का ते पाहावे, जिना वापरा असे सांगण्यापूर्वी जिन्यातले दिवे लागतात का ते पाहावे, आणि कमी साखरेचा चहा घ्या असे लिहिण्यापूर्वी तसा चहा मिळण्याची व्यवस्था करावी. पुढे जे सांगितले आहे ते कार्यालय आणि कारखाना या दोन्हींना लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो नमूद केला आहे.

आधी हिंडावे, मग लिहावे

पहिला दिवस मजकुरावर खर्च करू नये. हातात वही घेऊन सगळी वास्तू फिरावी, आणि तीन पाळ्या चालत असतील तर तिन्ही पाळ्यांत फिरावे, कारण रात्रपाळीला उपाहारगृहाची अर्धी बाजू बंद असते, दिवे मालवलेले असतात आणि दिवसा नजरेत भरणारा फलक काळोखात गेलेला असतो. वहीत दोनच गोष्टी टिपाव्यात: माणसे कुठे थांबतात आणि किती वेळ थांबतात. हजेरीच्या मशीनपाशी माणूस दोन-तीन सेकंद उभा असतो आणि त्याचे लक्ष घड्याळाकडे असते. हिंजवडी किंवा खराडीच्या उंच इमारतींत सकाळी साडेनऊला लिफ्टसमोर तो मिनिट-दोन मिनिटे ताटकळतो. डबा गरम करण्यासाठी मायक्रोवेव्हपाशी उभा असलेला माणूस दोन मिनिटे खरोखर मोकळा असतो. त्या मशीनवरची जागा संपूर्ण कार्यालयातली सर्वांत मोलाची भिंत आहे आणि बहुतेक ठिकाणी तिथे ‘आपला डबा झाकून ठेवावा’ एवढेच लिहिलेले असते. कंपनीच्या बसची रांग दहा मिनिटांची असते.

या वेळांवरून मजकुराची लांबी ठरते. दोन सेकंदांच्या जागी चार-पाच शब्दांपलीकडे जाऊ नये. मायक्रोवेव्हपाशी एखादा परिच्छेद चालतो. बसच्या रांगेत आकृतीसह सविस्तर माहिती देता येते. स्वागतकक्षातल्या भिंतीवर मात्र काहीही लावू नये असे माझे मत आहे, कारण तो फलक पाहुण्यांसाठी असतो आणि कर्मचाऱ्यांना ते लगेच कळते.

पुण्यात पाटी लिहिण्याची जी परंपरा आहे तिची थट्टा पुष्कळ होते, पण तिच्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. पेठेतल्या वाड्याच्या फाटकावरची पाटी एका नेमक्या माणसाला, त्याची नेमकी चूक जिथे होते त्याच जागी बजावत असते; ‘फाटकासमोर गाडी लावू नये’ हे कोणी दिवाणखान्यात लिहून ठेवत नाही. आरोग्यफलकानेही निर्णयाच्या जागीच बोलले पाहिजे. त्या पाट्यांतला खवचटपणा मात्र घेऊ नये. लिफ्टवर उपकार करा, वजन कमी करा, अशा धर्तीची ओळ वाचून दहाजण हसतील, पण अकरावा, ज्याच्यासाठी ती लिहिली आहे, तो हसणार नाही आणि पुढचा एकही फलक वाचणार नाही.

जिन्याची पर्वती

जिन्याचा फलक ही सुरुवातीसाठी सर्वांत सोपी गोष्ट आहे. लिफ्ट की जिना हा निर्णय जिथे घेतला जातो तिथे लावलेली पाटी उपयोगी पडते असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. निव्वळ ‘जिना वापरा’पेक्षा त्याला काही मोजमाप जोडले तर ती अधिक लक्षात राहते. पुण्यात ते मोजमाप शोधावे लागत नाही. पर्वतीच्या टेकडीला १०३ पायऱ्या आहेत, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असते. आपल्या इमारतीच्या पायऱ्या मोजाव्यात. समजा दर मजल्याला २२ पायऱ्या असतील, तर पाच मजले चढल्यावर एक पर्वती होऊन वर सात पायऱ्या उरतात. लिफ्टच्या बटणाशेजारी ‘पाच मजले = एक पर्वती’ आणि जिन्याकडे जाणारा बाण, एवढे पुरे. जिन्यात ५२व्या पायरीवर ‘अर्धी पर्वती झाली’ अशी व्हायनिलची पट्टी लावता येते. ती पायरीच्या उभ्या बाजूला लावावी. जिथे पाय पडतो तिथे लावलेली पट्टी पावसाळ्यात ओल्या बुटांखाली घसरते.

हे करण्यापूर्वी जिना स्वतः एकदा चढून पाहावा. कोपऱ्यांतले पिचकाऱ्यांचे डाग, बंद दिवे आणि मजल्यावर बाहेर पडू न देणारे कार्डाचे कुलूप हे तीन अडथळे दूर झाल्याशिवाय पाटी लावण्यात अर्थ नाही. गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला लिफ्ट घेताना ओशाळे वाटेल असे एकही अक्षर तिच्यावर असू नये.

साखरेचा देखावा

गणेशोत्सवातले देखावे पाहत वाढलेल्या शहराला हे वेगळे सांगायला नको की मांडलेली वस्तू छापलेल्या मजकुरापेक्षा जास्त बोलते. उपाहारगृहात साखरेचा देखावा मांडावा. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकच्या सारख्या आकाराच्या आठ-दहा डब्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक दुपार लागते.

पहिली आकडेवारी आपल्याच चहाची काढावी. उपाहारगृहाच्या मुकादमाला विचारावे की दिवसाला चहात किती साखर जाते आणि किती कप चहा जातो. समजा तीन किलो साखर आणि तीनशे कप, तर कपाला दहा ग्रॅम. दिवसाला चार कप घेणाऱ्याच्या पोटात नुसत्या चहातून चाळीस ग्रॅम. मग आपल्याच उपाहारगृहात विकल्या जाणाऱ्या बाटल्या आणि पुडे घ्यावेत आणि त्यांच्या मागच्या तक्त्यातून दर १०० मिलीला किंवा १०० ग्रॅमला साखर किती ते वाचून संपूर्ण बाटलीचा हिशेब करावा. कोलासारख्या पेयात १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत २६ ग्रॅम. ती साखर मोजून डबीत भरावी आणि रिकामी बाटली डबीशेजारी ठेवावी. रांगेच्या शेवटी तुलनेच्या दोन डब्या ठेवाव्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बाहेरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आहाराला ५० ग्रॅम, आणि २५ ग्रॅमपर्यंत आणली तर आणखी चांगले. या शेवटच्या दोन डब्या पाहिल्यावर लोक आपोआप मागे वळून आपल्या चहाची डबी शोधतात. ते मी अनेकदा पाहिले आहे.

मुंग्यांचा विचार आधी करावा. मी पहिल्यांदा हा देखावा मांडला तेव्हा तिसऱ्या दिवशी चहाच्या डबीतून एक काळी रांग निघून थेट सूचनाफलकावर चढली होती. झाकणाला कडेने चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत, आणि जून ते सप्टेंबर या काळात साखर ओलसर होऊन गोळा बनते म्हणून दर आठवड्याला डबी हलवून पाहावी. साखरेऐवजी मीठ किंवा साबुदाणा भरून वेळ मारून नेऊ नये. कोणीतरी डबी उघडून चाखतोच.

आपल्याकडे याला सरकारी आधारही आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांच्या उपाहारगृहांत आणि बैठकीच्या जागी तेल व साखरेची माहिती देणारे फलक लावावेत असे सुचवले. त्यानंतर समोसा आणि जिलबीवर इशारे छापले जाणार अशी बातमी सर्वत्र पसरली आणि जुलैमध्ये पत्र सूचना कार्यालयाला खुलासा करावा लागला की ही सूचना कामाच्या ठिकाणच्या फलकांबद्दल आहे आणि ती कोणत्याही एका भारतीय पदार्थावर रोख धरून केलेली नाही. यातून आपणही धडा घ्यावा. फलकावर वडापावचे चित्र काढून त्यावर लाल फुली मारली की उपाहारगृहाचा ठेकेदार दुखावतो आणि कामगार चिडतो. ठेकेदाराला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे, कमी साखरेच्या चहाची वेगळी किटली ठेवायला त्याला राजी करावे, आणि मगच तिच्यावर पाटी लावावी. मिठासाठीही असेच करता येते: दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, हा आकडा जेवणाच्या टेबलावरच्या मीठदाणीला चिकटवलेल्या छोट्या कागदावर शोभतो, मोठ्या फलकावर नाही.

टेप आणि आरसा

मधुमेहाचा फलक बहुतेक ठिकाणी एका लठ्ठ माणसाच्या चित्राने सुरू होतो आणि सडपातळ कर्मचारी तो न वाचता पुढे जातात. पुण्यात बसून हे चित्र वापरणे विशेष चुकीचे आहे. इथल्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. आपली माणसे बारीक दिसूनही आतून चरबी बाळगून असतात हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही. मूळ छायाचित्र उचलून छापू नये. दोन सारख्या बाह्याकृती काढून आत चरबीचा भाग वेगवेगळा रंगवावा.

या फलकाशेजारी शिंप्याची टेप टांगावी आणि तिच्यावर ८० व ९० सेंटीमीटरच्या खुणा रंगीत चिकटपट्टीने कराव्यात, कारण भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा धरली जाते. टेप कुठे धरायची याचे चित्र लागते, नाहीतर प्रत्येक जण पँटच्या पट्ट्यापाशी मोजतो: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. ही जागा पडद्याआड असावी. कोणाचे वजन किती उतरले याचे नावासह तक्ते लावण्याची एक टूम मध्यंतरी निघाली होती. ती टाळावी, आकडा ज्याचा त्याच्यापाशी राहावा.

आरशाचा फलक मला सर्वांत प्रिय आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. कारखान्यात हात धुण्याच्या जागी आरसा असतोच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू-चुना आणि मिसरी थांबलेली नाही, आणि कर्करोगाच्या भयंकर छायाचित्रांकडे पाहण्याची सवय आता तंबाखूच्या पुडीमुळेच सगळ्यांना झाली आहे. त्याऐवजी आरशाच्या वरच्या कडेला एवढे लिहावे: ‘तोंड पूर्ण उघडा. स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का? गालाच्या आत, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का? दोन आठवडे न भरलेली जखम आहे का?’ त्याखाली, आरशाच्या खालच्या कडेला, ‘एकाही बाबतीत शंका आली तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा’ आणि तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६. अक्षरे आरशावर व्हायनिलने चिकटवावीत. तोंड तपासताना माणूस स्वतःकडे पाहत असतो, त्याला दुसऱ्या कोणाचे चित्र दाखवण्याची गरज उरत नाही. एका पाळीच्या पर्यवेक्षकाने हे वाचून गंमत म्हणून तोंड उघडले होते आणि त्याची दोनच बोटे आत गेली. त्या दिवशी दुपारी तो स्वतःहून प्रथमोपचार कक्षात आला.

जे चारचौघांत वाचता येत नाही

मानसिक आरोग्य, व्यसन, मासिक पाळी, लैंगिक आजार यांचे फलक मार्गिकेत लावले तर ते वाचलेच जात नाहीत, कारण वाचताना दिसणे हेच अडचणीचे असते. त्यांची जागा स्वच्छतागृहाच्या दाराची आतली बाजू. तिथे माणूस एकटा असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिथे द्यावा आणि तो विनामूल्य आहे, कोणत्याही वेळी चालतो, मराठीतही बोलता येते, एवढे लिहावे. खाली फाडून नेण्याच्या चिठ्ठ्या ठेवल्या तर त्यांतली पहिली एक-दोन आपणच आधी फाडून टाकावीत. न फाडलेल्या चिठ्ठ्यांच्या रांगेतली पहिली कोणी घेत नाही.

इथेही सुरुवातीचा नियम लागू आहे. ज्या विभागात लोकांना रात्री नऊपर्यंत बसवले जाते, तिथे ‘ताण घेऊ नका’ असा फलक लावणे म्हणजे बंद फिल्टरवर पाण्याचा फलक लावणेच.

पुरुषांच्या मुतारीवर लघवीच्या रंगाचा तक्ता लावता येतो: फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद पिवळा असेल तर पाणी प्या, तपकिरी किंवा लालसर असेल तर डॉक्टरांना भेटा. भट्टीपाशी, रंगकामावर आणि उन्हात काम करणाऱ्यांसाठी तो फार उपयोगी आहे. बी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी रंग भडक पिवळा होतो ही टीप द्यावी. तक्ता छापून आल्यावर त्यातले रंग मूळ फाइलशी ताडून पाहावेत. छपाईत पिवळ्यावर लालसर झाक चढली तर अख्खी पाळी आजारी ठरते.

ऋतूप्रमाणे बदल

एकच फलक वर्षभर राहिला की तो भिंतीचा भाग होतो. पुण्याच्या हवामानाप्रमाणे वर्षाचे चार-पाच भाग पाडावेत. मार्च ते मे उन्हाळा: घरी करण्याच्या जलसंजीवनीचे प्रमाण, म्हणजे एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जूननंतर डेंग्यू: डास अंड्यापासून उडायला लागेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस कूलरचे तळ, कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरचे भंगार कोरडे करायचे, आणि ते कोणी केले याची सही फलकावरच्या कोष्टकात घ्यायची. इथे फलक नुसता सांगत नाही, नोंदही ठेवतो. भाद्रपदाआधी कानांचा फलक लावावा, कारण दिवसा संगणकावर बसणारी कितीतरी मुले-मुली संध्याकाळी ढोल-ताशा पथकांत सरावाला जातात. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे, ही कसोटी त्यांना आणि प्रेस शॉपमधल्या, म्हणजे यंत्राने पत्र्याला आकार देणाऱ्या विभागातल्या कामगारांना सारखीच लागू पडते. थंडीचे महिने तपासण्यांसाठी ठेवावेत.

साथीच्या वेळी मात्र ठरलेला क्रम बाजूला ठेवावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा मोबाइलवर चिकनपासून पनीरपर्यंत सगळ्यावर संशय फिरत होता. अशा काळात फलकाने रोग समजावून सांगण्यापेक्षा आपल्या वास्तूत काय केले ते सांगावे: टाकी कोणत्या तारखेला धुतली, नळाच्या पाण्यात क्लोरीन किती आढळले (भारतीय मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम), पुढची तपासणी कधी. वर तारीख आणि वेळ, खाली जबाबदार व्यक्तीचे पद. तपासणीचा छोटा संच सहज मिळतो आणि रोजचा आकडा खडूने लिहिला तरी चालतो.

भाषा, अक्षर, छपाई

१९४८ च्या कारखाने अधिनियमात पिण्याच्या पाण्याची जागा बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, स्पष्ट अक्षरांत दर्शवावी अशी तरतूद होती, आणि ती जागा स्वच्छतागृहापासून सहा मीटरच्या आत नसावी असेही होते. भाषेचा हा मुद्दा सगळ्याच फलकांना लावावा. चाकणला शेडमध्ये मराठीइतकीच हिंदी चालते. तिथे दोन भाषांचे दोन वेगळे फलक करावेत, एकाच फलकावर दोन भाषा कोंबल्या की अक्षरे बारीक होतात. शब्द माणसांच्या तोंडचे असावेत. ‘उच्च रक्तदाब’ बरोबर आहे, पण कामगार ‘बीपी’ म्हणतो. मधुमेहाला ‘शुगर’ म्हणतो. मथळ्यात ‘बीपी’ लिहून मजकुरात रक्तदाब वापरला तर कोणाचेच अडत नाही. आकडा ठामपणे द्यावा: १४०/९० किंवा त्याहून अधिक वारंवार आला तर डॉक्टरांकडे जावे.

अक्षराच्या आकाराचा ढोबळ हिशेब असा की वाचणारा तीन मीटरवर असेल तर अक्षर अडीच सेंटीमीटर उंच असावे, आणि देवनागरीत ही उंची मात्रा-वेलांट्या सोडून शिरोरेषेपासून खाली मोजावी. दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ यांसारखे मोफत मिळणारे टंक ठळक आकारात चांगले दिसतात.

छपाईत सर्वांत जास्त गोंधळ जोडाक्षरांचा होतो. आपण युनिकोडमध्ये टाइप करतो, छपाईवाल्याकडे श्री-लिपी ही जुनी, वेगळी टंकप्रणाली असते, मजकूर एकीकडून दुसरीकडे जाताना ‘कर्मचाऱ्यांसाठी’चे ‘कर्मचार्यांसाठी’ होते आणि सहा फुटी फ्लेक्सवर ते सगळ्यांच्या आधी मराठीच्या माजी शिक्षकांच्या मुलाला दिसते. अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून पीडीएफ द्यावी, आणि मोठा फलक छापण्यापूर्वी ए-४ वर एक नमुना काढून तो मजकूर न पाहिलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला लावावा. माध्यमाबाबत थोडक्यात: बदलत राहणाऱ्या फलकांसाठी कागद आणि उघडमीट होणारी चौकट, कायम ठेवायच्या फलकासाठी पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा ताठ फळा), बाहेरच्या बस थांब्यासाठी फ्लेक्स. शेडमध्ये टाचण्या वापरू नयेत. त्या खाली पडून बुटात किंवा मालात जातात.

आणीबाणीचे फलक

हे वेगळ्या रंगात, वेगळ्या जागी आणि कायमचे असावेत. १०८ हा क्रमांक सगळीकडे लिहिलेला असतो, पण त्याखाली पत्ता नसतो. घाबरलेल्या माणसाला फोनवर आपल्या इमारतीचा पत्ता आठवत नाही, आणि चाकण एमआयडीसीत किंवा हिंजवडीच्या टप्प्यांमध्ये रुग्णवाहिका चुकीच्या फाटकावर येऊन उभी राहते. म्हणून फलकावर वाचून दाखवता येईल असे वाक्य लिहून ठेवावे: प्लॉट क्रमांक, टप्पा, जवळची खूण, कोणत्या फाटकातून यायचे, आणि फाटकावर उभे राहायला कोणाला पाठवायचे. पक्षाघातासाठी तीन चित्रे पुरतात: वाकडा झालेला चेहरा, खाली पडणारा हात, अडखळणारे बोलणे, आणि ‘लक्षण दिसले ती वेळ लिहून ठेवा’ ही सूचना, कारण गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. हृदय बंद पडलेल्या माणसाला द्यायच्या छातीदाबाच्या फलकावर मिनिटाला १०० ते १२० दाब आणि पाच ते सहा सेंटीमीटर खोली हे आकडे असतात, पण केवळ वाचून ते हाताला येत नाही. त्या फलकाखाली प्रशिक्षण घेतलेल्या पाच माणसांची नावे आणि त्यांच्या पाळ्या लिहाव्यात, आणि कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी नाव बदलावे.

कायद्याने लावावयाचे फलक या सगळ्यात मिसळू नयेत. धूम्रपानबंदीचा फलक पांढऱ्या पार्श्वभूमीवर किमान ६० बाय ३० सेंटीमीटरचा असावा लागतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाचे दंडात्मक परिणाम आणि अंतर्गत समिती स्थापन केल्याचा आदेश ठळक जागी लावावा लागतो. त्यांची भिंत स्वतंत्र असावी.

लावल्यानंतर

फलक चालला की नाही हे आवडला का असे विचारून कळत नाही. सगळे ‘छान आहे’ म्हणतात. आठव्या दिवशी पाच जणांना, फलकापासून दूर नेऊन, त्यावर काय लिहिले होते ते विचारावे. तिघांना मुख्य गोष्ट सांगता आली नाही तर दोष फलकाचा. त्याहून चांगले मोजमाप म्हणजे वस्तूंचा खप: साखरेचे पोते किती दिवसांनी संपते, साबणाची बाटली किती दिवसांनी भरावी लागते, पाण्याचे जार किती लागतात. हे आकडे फलक लावण्यापूर्वीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे असे मुकादमाकडून घ्यावेत. त्याच्या वहीत ते असतातच.

आणीबाणीचे आणि कायद्याचे फलक सोडून प्रत्येक फलकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन तारखा छापाव्यात, लावल्याची आणि उतरवण्याची, आणि शेजारी उतरवणाऱ्याचे पद. सहा आठवड्यांहून पुढची तारीख देऊ नये. उतरवलेला फलक गुंडाळून, मागे पेन्सिलीने पुढच्या वर्षीचा महिना लिहून कपाटात ठेवावा, आणि त्यावर कोणी काही लिहून ठेवले असेल तर ते पुसू नये.